पाण्यातली वाघर

ओतूरच्या वर, धरणाचा काठ
४ मे २०२५

अक्षदा,

आधी खुशाली. इकडं सगळं ठीक. तुझे तात्या ठीक, आमची आई ठीक, आप्पा मेंढरांमागं, म्हणजे तेही ठीकच असणार. तुला समुद्राचं वारं मानवलं असेल. इथवर पत्र शहाण्यासारखं झालं.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. तात्यांनी दिला नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी तुझ्यासाठी कांद्याची गोणी एस.टी.च्या पार्सलला टाकायला माझ्याकडं दिली, मी ओतूरला निघालोच होतो म्हणून. गोणीवर मार्करनं पत्ता होता. तो पाठ केला. तुझा फोन सगळ्या जगाला लागतो, मला लागत नाही. दोन वर्षं झाली, अजून कधीमधी लावून बघतो, ती बाई तेच सांगते. म्हणून हे पोस्टानं. पाकीट विकत घेताना पोस्टातला माणूस माझ्याकडं असा बघत होता, जसं मी त्याला आजारी मेंढरू विकायला आणलंय.

तक्रार करायला लिहीत नाही. काम आहे.

तुमच्या पाण्याकडच्या रानाचा काठ तू या साली बघितला नाहीस. पाणी आता पार आत गेलंय, त्यामुळं काठ कसा कापलाय ते उघडं दिसतं. बायका भाकरी मोडतात तसा. माळशेजकडनं वारं सुटलं आणि धरण भरलेलं असलं की लाटा थेट तुमच्या रानाला येऊन धडकतात. तात्या म्हणतात, दर साली नांगराचं एक तास, एक अख्खी रेघ, कमी होतं. करंजाची अर्धी मुळं हवेत लोंबतायत. तो करंज, ज्याच्या खाली तू अभ्यासाला बसायचीस आणि मी मेंढरं राखायच्या निमित्तानं उभा असायचो. मेंढरं तिकडं दुसऱ्याच्या मेथीत शिरायची आणि शिव्या मला बसायच्या.

आमच्या मेंढ्या दर साली दिवाळीच्या मागंपुढं तुमच्या रानात बसतात, हे तुला काय सांगायचं. माझ्या आज्यापासून बसतात. रानाला लेंडीखत, आम्हाला पोतं-दोन पोती बाजरी. रानच राहिलं नाही तर मेंढ्या कुठं बसवायच्या? म्हणून मी हे करतोय. दुसरं काही मनात आणू नकोस.

तर काम असं. कॉलेजात तिसऱ्या वर्षी किनाऱ्याचा एक तास होता, आठवतो? सरांनी फळ्यावर समुद्र काढला. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यात, वाळू भरलेल्या पिशव्यांची ओळ. लाट तिथं आधीच अडते, काठाला लागेपर्यंत तिच्यात जीव राहत नाही. दगडी भिंतीच्या मानानं खर्च काहीच नाही. तू आता तेच काम करतेस. तात्या गावभर सांगतात, आमची पोरगी समुद्र हटवती.

मी तेच इथं करणार आहे. आत्ता तळ कोरडा आहे, तोवर बांध घालून ठेवायचा. पाणी चढलं की तो आपोआप पाण्यात जाईल. खताच्या रिकाम्या गोण्या वस्तीवर पाहिजे तेवढ्या मिळतात. त्यात मुरूम भरायचा, दाभणानं तोंड शिवायचं. पण नुसत्या गोण्या लाटेनं हलतात. त्यावर उपाय आपल्या घरात आहे. वाघर. मेंढ्या कोंडायची जाळी. आमच्याकडं जुन्या वाघरी ढीगभर पडल्यात. गोण्यांची रास वाघरीत गुंडाळायची आणि मेखा ठोकून तळाला बांधायची.

त्याच तासाला मी वर्गातून उठलो, हेही तुला आठवत असेल. सर म्हणाले, एवढे दिवस कुठं होता. मी सांगितलं, आप्पा आजारी होते, मेंढरांमागं मी होतो. ते हसून म्हणाले, मग मेंढरंच राखा की, इथली जागा कशाला अडवता. वर्ग हसला. मी वही बाकावर आपटली आणि उठलो. मला वाटलं, तू पण उठशील. तू पट्टी धरून आकृतीतली रेघ ओढत होतीस.

असो. मी ताठ मानेनं बाहेर पडलो आणि सरळ एस.टी. स्टँडवर गेलो. मागं वळून बघितलं नाही. जे झालं ते बरं झालं.

तुला विचारायचं एवढंच, की ओळ काठापासून किती आत ठेवायची? उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तर मी अंदाजानं ठेवीन.

तुझाच,
गोकुळ

---

२२ जून २०२५

अक्षदा,

उत्तर आलं नाही. अंदाजानं ठेवली.

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं, त्यामुळं घाई झाली. माझ्या मदतीला कोण, तर आमची तांबडी घोडी. तिच्या पाठीवर गोण्या लादायच्या आणि तळात उतरवायच्या. कधीमधी मच्छिंद्र यायचा. तो धरणात मासे धरतो, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो, तो. पाणी आत गेलं की त्याला काम नसतं. दोन गोण्या उचलायचा, चार बिड्या ओढायचा आणि म्हणायचा, "राव, एवढ्या गोण्या जर सोपानतात्याच्या दारात रचल्या असत्या तर पोरगी कवाच दिली असती."

मी त्याला ट्यूबसकट पाण्यात ढकलणार होतो, पण पाणी लांब होतं.

गाव तर हसून हसून दमलं. कोरड्यात बांध घालणारा म्हणून टपरीवर माझं नाव झालं. एकजण म्हणाला, कॉलेजात अर्धाच शिकला ना, म्हणून पाणी यायच्या आधीच अडवतोय. मी चहाचा ग्लास त्याच्या पायाशी फोडला. टपरीवाल्यानं ग्लासाचे पैसे भरून घेतले आणि वर सांगितलं, उद्यापासून कागदी कपात मिळंल. आता मला एकट्याला कागदी कपात चहा देतात. बाकीच्यांना काचेत.

तू असतीस तर म्हणाली असतीस, तुझा राग आधी येतो आणि तू मागनं येतोस. हे तू खरंच म्हणाली होतीस. कुठं ते विसरलो. विसरलो नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर.

तुझे तात्या एकदाच आले बघायला. काठावर उभं राहून विचारलं, हे काय हाय. मी म्हणालो, लाटा अडवायला, समुद्रावर करतात तसं. ते लगेच म्हणाले, "अक्षदानं सांगितलं व्हय?" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गड्याकरवी रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा पाठवला.

काम पुरं झालं. तुमच्या रानाच्या पुढं, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही टोकं वळवून काठाला आणून बांधली. मधे फट म्हणून ठेवली नाही. आप्पा वाघर लावताना दरवेळी सांगतात, सगळी वाघर ताठ असून उपयोग नाही, एका मेखेपाशी सैल राहिली की बिबट्याला तेवढी वाट पुरते. लहानपणी मी रोज सांजच्याला वाघरीभोवती फिरून हातानं चाचपायचो. तेच इथं केलं. पूर्ण ओळ हातानं चाचपली. उंचीही वाघरीएवढीच, मेंढी उडी मारणार नाही एवढी. आतून उभं राहून बघितलं तर तुमचं रान, करंज, सगळं कोंडून घेतल्यासारखं दिसतं. एकदम सुरक्षित. मला लई बरं वाटलं. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं, पण घोडीशिवाय तिथं कुणी नव्हतं.

जुन्या वाघरी कमी पडल्या, म्हणून एक चांगली पण घातली. आप्पांना अजून माहीत नाही. ते आठ दिवसांपूर्वी मेंढ्या घेऊन आण्याच्या पठाराला गेले. इकडच्या पावसात मेंढ्यांचे खूर सडतात, आणि तिकडं पठारावर कोरडं असतं. जाताना वाघरी मोजल्या, माझ्याकडं बघितलं, आणि घोडीवर बिऱ्हाड चढवलं. घोडीही गेली.

आता घरी आई आणि मी. आमचं घर तुला माहीत आहे, तुमच्या रानाच्या खालच्या अंगाला. पत्र्याच्या दोन खोल्या. आप्पांनी बांधलेलं पहिलं घर. त्यांच्या आधी आमच्यात कुणाला पत्ताच नव्हता, पोस्टमन कुठं कुठं फिरला असता.

तुझ्याकडं समुद्र आता खवळला असेल. तुमच्या पिशव्या टिकतात का?

तुझा,
गोकुळ

---

२४ ऑगस्ट २०२५

अक्षदा,

धरण भरलं. आणि बांध उभा आहे.

वारं सुटलं की मी काठावर जाऊन बसतो. लाटा पांढऱ्या होऊन येतात, गोण्यांवर आपटतात आणि तिथंच बसतात. आतलं पाणी धान्याच्या कणगीसारखं गप्प. करंजाच्या मुळाशी माती तशीच आहे. या साली तुमचं एक तासही गेलं नाही. टपरीवर आता मला काचेत चहा मिळतो. ज्याच्या पायाशी ग्लास फोडला होता तो म्हणाला, "गोकुळभाऊ, आमच्याबी बांधाला एवढं करून देशील का?" मी म्हणालो, बघू. असं म्हणताना फार मजा येते.

तुझ्या घरी पावणे आले होते, हे तुला माहीत असेलच. पांढरी गाडी रस्त्याला लावून चौघं उतरले. मी बांधावर होतो, एक गोणी उसवली होती ती शिवत. तात्या पावण्यांना रान दाखवायला घेऊन आले. पोराचा बाप धोतराचा सोगा धरून काठापर्यंत आला आणि म्हणाला, धरणाकाठचं रान म्हंजी खचतंय की. तात्यांनी हात करून बांध दाखवला. "खचायचं दिस गेलं आता. आमच्या पोरीचं डोकं हाय हे."

आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "हा जालिंदरचा पोरगा. कामाला लई वाघ."

मी मान हलवली. हातात दाभण होतं.

ते गेल्यावर मनात आलं, घरातनं कोयता आणावा आणि सगळी वाघर सरळ कापून काढावी. माझा बांध दाखवून तुझं ठरवतायत. गुडघाभर पाण्यात उतरलोसुद्धा. मग करंजाकडं बघितलं आणि परत येऊन उरलेली शिलाई पुरी केली. हे तुला का सांगतोय माहीत नाही. माझं रान नाही, माझं झाड नाही, पावणे माझ्या दारात नाहीत.

होकार दिलास का?

हे खोडायला पाहिजे होतं. राहू दे.

दुसरी एक गोष्ट आहे. ती या पत्रात लिहायची नाही असं ठरवून बसलो होतो, पण दोन पानं झाली आणि अजून तिच्याभोवतीच फिरतोय.

आमच्या घरापुढची माती चाललीय.

पहिल्यांदा मला वाटलं, पावसाचं असेल. मग न्हाणीचा दगड कलला. मग एके सकाळी आई अंगण झाडत होती आणि झाडू हातात तसाच धरून उभी राहिली. कोंडवाड्याची दगडी भिंत, आप्पांनी रचलेली, तिचा कोपरा रात्रीत पाण्यात बसला होता. मी जाऊन बघितलं. लाट बांधावरनं आत उडी मारते. येते ती परत जात नाही, जायला वाटच नाही. आतलं पाणी फुगतं आणि खालच्या कोपऱ्यात, जिथं मी टोक काठाला बांधलंय, तिथनं काठाला घासत पळतं. ते थेट आमच्या दारासमोरून. तिथं आता ओहोळासारखी चर पडलीय. मी लाकूड टाकून बघितलं, सरळ आमच्या कोंडवाड्याला येऊन लागलं.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं दोन दिवस बघितलं, मग जेवताना म्हणाली, "लोकाचं रान राखलंस. बरं केलंस. आता तुझ्या बापाला मेंढरं कुठं कोंडायची ती जागा तूच दाखव."

मी ताटावरून उठलो. आई म्हणाली, "उठ. उठायला तुला लई चांगलं येतं."

टोक सोडलं तर पाणी आमच्या दारातनं हटेल, पण मग लाट वळून तुमच्या खालच्या कोपऱ्यात शिरेल, करंजाला लागेल. नाही सोडलं तर आमचं दार जाईल. दोन्हींतलं काय करायचं ते मला कळत नाही. जे मला येतं ते सगळं मी करून बसलोय. मच्छिंद्रला विचारलं, तो म्हणाला, तुझं घर हाय, तोडून टाक, इचार कसला करतोस. पण ते तोडलं की तात्या उद्या पावण्यांना काय दाखवतील, आणि तू दिवाळीला आलीस तर करंज आडवा बघशील. आप्पा महिन्याभरात परत येतील. त्यांना काय सांगू?

हे मी तुला मदत मागायला लिहीत नाही. म्हणजे, मागतोच आहे. तू इंजिनियर आहेस, मी नाही. असं समज की एखाद्या अनोळखी शेतकऱ्यानं लिहिलंय.

गोकुळ

---

२६ ऑक्टोबर २०२५

अक्षदा,

दिवाळीला तू आली नाहीस. कामामुळं, असं तात्या म्हणाले. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

तुझा निरोप पोचला होता. त्याला दीड महिना झाला. पोच द्यायला उशीर केला, कारण आधी केलेलं टिकतंय का ते बघायचं होतं. आणि खरं म्हणजे काय लिहावं ते सुचत नव्हतं.

त्या दिवशी मी खालच्या टोकापाशी गळ्याइतक्या पाण्यात उभा होतो. काय करावं ते ठरत नव्हतं, नुसताच उभा होतो. तात्या काठावर आले. मला वाटलं, काहीतरी चुकलं म्हणून भांडायला आलेत. मी भांडायच्या तयारीत बाहेर आलो. ते म्हणाले, "अक्षदाचा फोन व्हता."

मी अंग पुसत राहिलो.

"म्हनली, गोकुळला सांगा, मधे मधे फटी ठेव. वरचा एक थर काढून टाक, बांध पाण्याखाली गेला पायजे. लाटंला अडवायचं न्हाई, दमवायचं. आन् आत गेलेलं पाणी माघारी जायला वाट ठेवायची."

त्यांनी हे शाळेतल्या पोरासारखं पाठ करून आणलं होतं. मग थांबले. माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं.

"तिला कसं कळलं रं, हितं काय चाललंय?"

मी सदऱ्यात डोकं घातलं.

"पत्र लिव्हतोस व्हय."

आता हात उचलतील असं वाटलं. उचलला असता तर मी मार खाल्ला असता, एवढंच तुला सांगतो. ते वळले. काठानं चालत आमच्या घरापर्यंत गेले, पडलेली भिंत बघितली, कललेला दगड पायानं दाबून बघितला. आईशी काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. म्हणाले, आधी का नाही सांगितलंस. मी म्हणालो, तुमचं रान वाचत होतं.

"फटी पाडल्या तर माजं थोडं जाईल?"

थोडं जाईल, मी म्हणालो. दर साली जायचं तेवढं नाही, पण जाईल.

ते करंजापाशी जाऊन त्याच्या उघड्या मुळांवर हात फिरवून आले. मग विहिरीचा दोर आणायला गड्याला पिटाळलं. दोर आला तेव्हा म्हणाले, "कमरंला बांध. एकट्याला दोराशिवाय उतरू द्यायचं न्हाई, असंबी म्हनली ती."

अक्षदा, हे तू मला म्हणालीस, का तिकडं पाण्यात उतरणाऱ्या कुठल्याही माणसाला म्हणतेस? कामाचा नियम असेल तुमच्या. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितलाय. बहुतेक नियमच असेल. तरी दोर बांधताना गाठ मारायला मला वेळ लागला.

मच्छिंद्र ट्यूब घेऊन आला. मी बुडी मारायचो, कोयत्यानं वाघर कापायचो, गोणी सुटली की मच्छिंद्र ती ट्यूबवर ओढायचा. दोराचं दुसरं टोक तुझ्या बापाच्या हातात. पावण्यांचं काय झालं ते विचारायचं माझ्या ओठावर होतं. पण दोर त्यांच्या हातात होता, म्हणून गप्प बसलो.

पहिली फट पाडली तेव्हा फार जिवावर आलं. तो कोयता मी रागात चालवणार होतो, तो आता तुझ्या सांगण्यावरनं चालवत होतो, आणि हात तोच. पाण्याखाली काही दिसत नाही, चाचपूनच कापायचं. लहानपणी ज्या हातानं फट शोधून बुजवायचो त्याच हातानं. वाघर सुटली आणि आतलं फुगलेलं पाणी माझ्या पोटाला घासून बाहेर गेलं. एवढी ओढ होती की पाय सुटले. तात्यांनी दोर खेचला, आणि काठावरनं ओरडले, "धरलाय रं. धरलाय."

चार दिवस लागले. वारं असेल तेव्हा थांबायचो.

आता बांध पाण्याखाली आहे, दिसत नाही. लाटा येतात, मधेच त्यांचा पाय अडखळतो, आणि पुढं येतात त्या मेंढीच्या कोकरासारख्या, नुसत्या अंगाला लागायला. फटीतनं पाणी आत येतं आणि गपचूप माघारी जातं. आमच्या दारातली चर भरत चाललीय. तुमचं खालच्या कोपऱ्यातलं अर्धं तास गेलं. करंजाची एक फांदी तात्यांनी भार कमी करायला छाटली. झाड उभं आहे, थोडं पाण्याकडं झुकून. पावण्यांना दाखवण्यासारखं आता तिथं काही नाही. लोकांना वाटतं बांध वाहून गेला. टपरीवर परत कागदी कप सुरू झालाय. मी सांगायला जात नाही.

आप्पा आण्याहून आले. भिंत बघितली, कापलेल्या वाघरीचे तुकडे बघितले. आईनं सगळं सांगितलं. मी वाट बघत होतो. ते एवढंच म्हणाले, "चांगली वाघर व्हती." आणि नवीन मेखा तासायला बसले. कालपासून मेंढ्या तुमच्या रानात बसल्यात. कोंडवाड्याचा कोपरा मी परत रचतोय.

तुला आणखी एक सांगायचं आहे आणि मग पत्र बंद करतो.

तात्या निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, आणखी काय म्हणाली? ते म्हणाले, न्हाई. तेवढंच. मी ते वाक्य तेव्हापासून मनात घोळवतोय. तुझ्या निरोपात जे होतं ते सगळं सरांनी त्या तासाला सांगितलं असणार. फटी. पाण्याखाली ठेवायची उंची. माघारी जायची वाट. मी अर्ध्या तासाच्या जिवावर बांध घातला.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी ताठ मानेनं बाहेर पडलो आणि सरळ स्टँडवर गेलो. घरीही तसंच सांगितलंय. मी गेलो नव्हतो. वर्गाच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली उभा होतो, तास संपेपर्यंत. तिथनं दार दिसायचं. तू माझ्यामागं येशील, नाहीतर तास संपल्यावर तरी येशील, म्हणून. खिडकी उघडी होती. सरांचा आवाज सगळा बाहेर येत होता, शब्दन् शब्द. फटी का ठेवायच्या तेच ते सांगत असतील. मी ऐकत नव्हतो. मी दाराकडं बघत होतो. तास सुटला, तू मैत्रिणींबरोबर दुसऱ्या दारानं गेलीस. वर्गाला दुसरं दार आहे हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तू उठायला पाहिजे होतंस, असं दोन वर्षं मी मनात धरून बसलो. परवा काठावर बसलो होतो, पाणी फटीतनं आत येत होतं आणि जात होतं. तेव्हा वाटलं, बरं झालं नाही उठलीस. कुणीतरी तास पुरा ऐकायलाच पाहिजे होता.

तुझं जिथं ठरलं असेल, किंवा ठरलं नसेल, ते मला कळवू नकोस. कळवावंसं वाटलं तर कळव. मी आता वाट बघणार नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. बघीन. पण दारात उभा राहून नाही.

पाण्यात उतरताना तूही दोर बांधत जा. तिकडं तो धरायला कोण असतं ते मला माहीत नाही. जो असेल त्याची पकड घट्ट असू दे.

ज्याला तू निरोप धाडलास, तो
गोकुळ